वाइनोच्या कोटातली हेल्मी

"पाखरं माणसाला ओळखतात की त्याच्या कोटाला, एवढं एकदा मला कळलं की मी मरायला मोकळी," हेल्मी कांगास एकदा म्हणाली होती.

चर्चच्या तळघरात रविवारच्या जेवणासाठी आम्ही दोघी बटाटे सोलत होतो, तेव्हाची गोष्ट. समोर पास्टरची बायको कप पुसत उभी होती. ती मऊ आवाजात म्हणाली, "अगं हेल्मी, पाखरांना सगळं कळतं. तू वाइनोची बायको हे त्यांना कळलं, म्हणून तर ती तुझ्या हातावर आली."

हेल्मीने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "कसं कळलं? लग्नाला आली होती का?"

"असंच असतं" हे उत्तर तिला जन्मात कधी चाललं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मी तिच्या हाताखाली कामाला लागले तेव्हा पोरं वाटाणे तसेच टाकून द्यायची. पोरांना वाटाणे आवडतच नाहीत, असं सगळे म्हणत. हेल्मीने एके दिवशी बाकी काही न वाढता आधी नुसते वाटाणे पुढे केले आणि सांगितलं, मांस अजून शिजतंय. पोरांनी वाटाणे चाटूनपुसून संपवले. "आवडीचा काही संबंध नाही. भुकेचा आहे," ती म्हणाली आणि मग मांस आणलं. तिची आई सांगायची, स्वयंपाकघरात भांडण झालं तर पावाचं पीठ फुगत नाही. म्हणून हेल्मीने पिठाच्या दोन पातेल्यांपैकी एक माझ्यापुढे आणून ठेवलं. "व्हर्ना, भांड माझ्याशी." मी भांडले, मला येत होतं तेवढं. दोन्ही पिठं सारखीच फुगली. पण तिचं समाधान झालं नाही. "आपण खरं कुठे भांडलो?" असं म्हणून ती पुढे कितीतरी दिवस माझ्याशी खऱ्या भांडणाचं कारण शोधत होती.

तिचा नवरा वाइनो अगदी उलटा. खाणीतून सुटलेला लोखंडाचा दगड जिथे पडेल तिथे राहतो, तसा तो होता. शब्द काटकसरीने वापरायचा. आमच्या सगळ्यांचे आजे-पणजे फिनलंडहून इथे, मिनेसोटाच्या उत्तरेला, खाणीत राबायला आले, आणि बोलणं बहुधा बोटीवरच विसरून आले. वाइनोला एकच नाद होता. शरद संपत आला, झाडं उघडी झाली, अस्वलं झोपायला गेली, की तो परसात दाण्याच्या पेट्या टांगायचा. अस्वलं झोपायच्या आधी इथे कोणी पेटी टांगत नाही. हेल्मीने एकदा टांगली होती, अस्वल खरंच येतं का पाहायला. सकाळी पेटी नव्हती आणि पेटीचा खांबही नव्हता. "आलं," ती खिडकीतून समाधानाने म्हणाली.

पेट्या टांगून झाल्या की वाइनो बर्चच्या झाडाखाली लाकडी खुर्ची टाकून बसायचा. अंगात केशरी कोट, डोक्याला केशरी टोपी. हरणांच्या शिकारीच्या हंगामात चुकून गोळी लागू नये म्हणून इथे केशरी घातल्याशिवाय कोणी पत्रांच्या डब्यापर्यंतही जात नाही. कुत्र्यांनाही केशरी पट्टे बांधतात. वाइनो तळहातावर सूर्यफुलाच्या बिया घेऊन हात पुढे करायचा आणि दगड व्हायचा. मग चिकड्या यायच्या. काळी टोपी, पांढरे गाल, मुठीत मावेल एवढा जीव. स्वतःचंच नाव घेत ओरडत येतात. हाताच्या बोटावर बसायच्या, एक बी उचलायच्या आणि जायच्या.

"एकच का नेतात?" हेल्मी दारातून विचारायची.

"चोच एकच आहे," वाइनो म्हणायचा. त्या दिवसापुरतं त्याचं बोलणं झालेलं असायचं.

गेल्या वर्षी एप्रिलात, तळ्यांवरचा बर्फ कुजायला लागला होता तेव्हा, वाइनो सौनातून, परसातल्या वाफेच्या न्हाणीतून, आंघोळ करून घराकडे येत होता. वाटेत जरा टेकायला बसला, तो बसलाच; पुन्हा उठला नाही.

त्या नोव्हेंबरात त्याचा धाकटा भाऊ कालेवी रिवाजाप्रमाणे हरणाच्या फासळ्या घेऊन आला. हरीण मारलं, मांस काढून घेतलं, की चरबी लागलेला फासळ्यांचा पिंजरा पाखरांसाठी झाडाला बांधायचा. हिवाळाभर सुतारपक्षी, चिकड्या, उलटे चालणारे नटहॅच त्याला टोचत राहतात आणि मार्चपर्यंत हाडं पांढरीशुभ्र होतात. कालेवीने पिंजरा बांधला, टोपी काढून क्षणभर उभा राहिला, आणि गेला. दुसऱ्या दिवशी दोरी सुटली. हेल्मी ती बांधायला निघाली, दाराजवळच्या खुंटीवरचा हाताला लागेल तो केशरी कोट तिने अंगात घातला. तो वाइनोचा निघाला. खिशात बिया होत्या. तिने नकळत मूठ बाहेर काढली आणि उघडली. चिकडी आली.

तो सगळा हिवाळा ती वाइनोच्या खुर्चीत, वाइनोच्या कोटात बसली. गावाने ठरवून टाकलं की पाखरांनी तिला ओळखलं. लोकांचे डोळे भरून यायचे. हेल्मीचे यायचे नाहीत. तिच्या कपाळावर ती जुनी आठी पडायची, वाटाण्यांच्या वेळची.

या वर्षी अस्वलं झोपल्यावर तिने याचा छडा लावायचं कामच हाती घेतलं. कोट घालून ती माझ्या गाडीत बसायची आणि आम्ही रानोमाळ हिंडायचो. नोव्हेंबरातला उजेड इथे भांड्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यासारखा असतो; त्यात जे काही दिसतं ते शेवटचंच दिसल्यासारखं वाटतं. कापलेल्या शेतांच्या कडेने उत्तरेची पांढरी पाखरं थव्याने उतरलेली असायची. हेल्मी उतरून त्यांच्याकडे चालू लागली की कोणीतरी मूठभर पीठ उधळावं तशी ती उडायची आणि पुढच्या वळणावर पुन्हा बसायची. विजेच्या खांबावर ध्रुवाकडून आलेला ससाणा बसला होता, पायांना बोटांपर्यंत पिसं. हेल्मी त्याच्याखाली उभी राहिली. त्याने खाली पाहायची तसदीही घेतली नाही.

"याला वाइनो माहीत नाही," ती गाडीत बसत म्हणाली.

"अगं, तो उंदरांकडे बघतोय."

"तेच म्हणते. माहीत असता तर एकदा तरी बघितलं असतं."

मग तोच कोट घालून ती माझ्या परसात बसली. माझ्याकडेही चिकड्या येतात, माझ्याकडेही पेट्या आहेत. त्या वर फरच्या झाडाच्या शेंड्यावर बसून तिला यथेच्छ शिव्या देत राहिल्या. एकही खाली आली नाही. तिची बोटं निळी पडली तेव्हा मी तिला आत ओढलं.

"म्हणजे नुसता कोट नाही," कॉफीच्या कपाभोवती हात धरून ती म्हणाली. "माझ्या परसातल्या पाखरांना तो कोट माहीत आहे. तुझ्याकडच्यांना नाही. इथवर आलो."

ती इथवर आली होती हे खरं. पण एक गोष्ट मला दिसत होती आणि मी ती तोंडातून काढत नव्हते. आपल्याच परसात, आपल्याच खुर्चीत, कोट न घालता बसायचं, एवढंच उरलं होतं. अस्वल येतं का हे पाहायला खांब गमावणारी बाई हीच एक गोष्ट करून पाहत नव्हती. सगळीकडे जाऊन आली, आणि त्या एका दारावर काही टकटक करत नव्हती.

त्याऐवजी तिने बुजगावणं केलं.

"पिशवी धर," ती म्हणाली आणि वाइनोच्या जुन्या विजारीत पेंढा भरू लागली. वर तो कोट, पिठाच्या पिशवीचं डोकं, त्यावर केशरी टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. हातमोज्यात तार घालून तळवा वर केला, तळव्यात बिया. सगळं खुर्चीत नीट बसवलं, पायावर पाय टाकून.

"वाइनो पायावर पाय टाकत नसे," मी म्हटलं.

तिने तो पाय खाली घेतला.

आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिलो. कॉफी उकळायच्या आत पहिली चिकडी मोज्यावर उतरली. मग दुसरी. मग बी नेणाऱ्यांची रांगच लागली. मी हेल्मीकडे पाहिलं. तिचा चेहरा मीठ चाखून पाहताना होतो तसा झाला होता.

"आत कोण आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही," ती म्हणाली. "पेंढाही चालतो."

त्याच वेळी रस्त्याच्या वळणावर मोठा आवाज झाला. घासल्याचा, मग आपटल्याचा. आम्ही पुढच्या दाराकडे धावलो. कालेवीची गाडी चरात नाक खुपसून उभी होती आणि मागचं एक चाक हवेत फिरत होतं. हौद्यातून हरणाच्या फासळ्या बाहेर पडल्या होत्या. कालेवी स्वतःच्या पायांनी चढ चढून येत होता, पण आमच्याकडे नाही. तो परसाकडे चालला होता, टोपी हातात घेऊन, अगदी हळू. खुर्चीपासून चार पावलांवर तो थांबला. चिकड्या उडाल्या. त्याने टोपीखालची पिठाची पिशवी पाहिली.

मग तो घरात आला.

"हेल्मी! हा काय चावटपणा आहे?"

"पाय पूस," हेल्मी म्हणाली.

त्याने पाय पुसले. आमच्याकडे भूकंप झाला तरी माणसं आधी पाय पुसतील. मग टेबलाशी बसला. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मी आपला वळणावरून येतोय आणि माझा भाऊ खुर्चीत बसलाय. हातावर पाखरू. त्याची शवपेटी उचलली होती गं मी. डोक्याकडची बाजू होती माझी."

"लागलं का तुला?"

"नाही."

"मग गाडी चरात कशी गेली? रस्ता तर कोरडा आहे."

"हात वर केला ना मी!" कालेवी ओरडला. "त्याला हात केला! तो बसलेला दिसला की मी हात करतो. सगळा जन्म करत आलो!"

इथे रस्त्यावर कोणी कोणाला हात न करता जात नाही. शत्रूलाही स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. कालेवीने भावाला पुरता हात वर केला होता, आणि दुसऱ्या हातात कॉफी होती.

हेल्मीने त्याच्यापुढे दुसरी कॉफी ठेवली आणि वेलदोड्याच्या पावाचा जाड तुकडा. तिच्या तोंडातून माफीचा शब्द निघाला नाही. तिने तुकड्याला लोणी लावलं, एरवी लावते त्याच्या दुप्पट.

"तो कोट मला दे," कालेवी म्हणाला. आता आवाज खाली आला होता. "गेल्या वर्षी मी मागितला नाही. म्हटलं, नवीन दुःख आहे, घालू दे. पण ही दुसरी खेप झाली, हेल्मी. त्याची खुंटी मोकळी आहे."

जंगलात कांगासांची शिकारीची खोपी आहे. तिथे भिंतीवर खुंट्यांची ओळ आहे. बापाचा लाल चौकड्यांचा कोट तिथे आहे, केशरीचा कायदा यायच्या आधीचा. काकाचा आहे, कोपराला फाटलेला. जो गेला त्याचा कोट त्याच्या खुंटीवर जातो आणि तिथून कोणी तो काढत नाही. हंगामाच्या पहिल्या संध्याकाळी जिवंत माणसं त्या कोटांकडे तोंड करून पहिली कॉफी पितात. मी पाहिलेलं नाही, बायका तिथे जात नाहीत. पण सगळ्यांना माहीत आहे.

"पोरं विचारतात," कालेवी म्हणाला. "रिकाम्या खुंटीकडे बघून वाइनोकाका कुठाय, म्हणतात. मी काय सांगू? पाखरं राखतोय?"

"देईन," हेल्मी म्हणाली. "पण आधी मला कळू दे."

"काय कळायचं राहिलंय आता? पेंढ्याच्या हातावर आली, मी डोळ्यांनी पाहिली."

"पेंढ्याच्या आली. माझ्या येतात की नाही ते..."

"मग कोट काढ आणि जाऊन बस! आली तर तुला ओळखतात, नाही आली तर नाही. यात एवढं गाडी घेऊन हिंडण्यासारखं काय आहे?"

मी कपात पाहिलं. जे मी तिला दोन आठवडे म्हटलं नव्हतं ते या माणसाने लोणी चाटत चाटत म्हणून टाकलं. हेल्मी उभी होती. तिने हाताने टेबलावरचा चुरा गोळा केला, नसलेला चुराही गोळा केला. तेव्हा मला कळलं की ती पाखरांना नव्हे, उत्तराला भिते आहे. कोटाशिवाय चिकड्या आल्या नाहीत तर वर्षभर त्या तिच्याकडे येतच नव्हत्या, असं ठरणार होतं. वर्षभर त्या वाइनोकडेच येत होत्या, आणि ती मध्ये कुठेच नव्हती, पेंढा होती.

"आधी तू बस," ती म्हणाली.

"मी?"

"पेंढा बसून झाला. आता एक कांगास बसू दे."

"माझ्याकडे पाखरं येत नाहीत. मी त्यांना गोळ्या घालतो."

"चिकडीला घातलीस कधी?"

"तेवढी बारीक गोळी कुठे मिळते!" कालेवी म्हणाला, पण उठला. मला वाटतं त्याला तो कोट एकदा अंगात घालायचा होता.

आम्ही खिडकीतून पाहत होतो. त्याने बुजगावण्याला काखेत हात घालून उचललं, दारू प्यालेल्या मित्राला उचलावं तसं सांभाळून, आणि बर्चला टेकवून बसवलं. कोट काढून स्वतः घातला. टोपी घातली. बसला. हात पुढे केला. लगेच नाक खाजवलं.

"हलतोय मेला," हेल्मी पुटपुटली.

मग तो हलायचा थांबला. बसता बसता त्याचे खांदे कुठेतरी खाली गेले आणि तो खरोखर वाइनोसारखा दिसू लागला. मला त्याच्याकडे पाहवेना, म्हणून मी झाडाकडे पाहिलं. एक चिकडी फांदीफांदीने खाली आली, हातावर बसली, बी घेतली. कालेवीचं तोंड उघडं राहिलं. दुसरी आली. ती तिथेच थांबली, एकदा बी टाकून दुसरी उचलली, तिचं वजन केल्यासारखं केलं, मग गेली. कालेवी हात तसाच धरून होता.

मग व्हिस्की जॅक आला. हे राखी पाखरू, कावळ्याचा चुलतभाऊ, जंगलातल्या खोप्यांतून डोळ्यांदेखत मांस पळवणारं. वाइनो त्याच्यासाठी मनुका ठेवायचा. ते खुर्चीच्या पाठीवर उतरलं, तिथून कालेवीच्या गुडघ्यावर गेलं, आणि मान वाकडी करून टोपीच्या खाली, थेट त्याच्या तोंडाकडे डोकावलं. बराच वेळ पाहिलं. मग काही न घेता उडालं आणि बर्चच्या वरच्या फांदीवर जाऊन बसलं.

हेल्मीने माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. "पाहिलंस? त्याला शंका आली!"

कालेवी आत आला तेव्हा त्याने पाय पुसले नाहीत. उघडा हात तसाच समोर धरून तो उभा राहिला, हातात काहीतरी सांडण्यासारखं असावं तसा.

"त्यांच्या पायाला नखं आहेत," तो म्हणाला. "अगदी बारीक. बोटाला धरतात. हे त्याने मला कधी सांगितलं नाही."

"तू विचारलंस का?"

"नाही."

"व्हिस्की जॅकने तुला ओळखलं नाही," हेल्मी म्हणाली. आवाजात धार होती आणि त्याखाली आशेसारखं काही. "तोंड पाहून गेला."

"तोंडाला तंबाखूचा वास येतो माझ्या, म्हणून गेला."

"तंबाखू कालही होती आणि वासही होता. तरी तुझ्या खोपीतून मांस नेतोच ना तो?"

कालेवीने विचार केला. "नेतो," तो म्हणाला. "म्हणजे तुझं म्हणणं..."

"माझं काही म्हणणं नाही. चिकड्या कोटाला भुलल्या, तो भुलला नाही. एवढंच दिसलं."

कालेवीने कोटाची बटणं काढली. काढून तो हातावर घेऊन उभा राहिला, आणि मग तो तिच्यापुढे धरला.

"ठेव तू," तो म्हणाला. "खुंटीला काय, ती थांबेल. पोरांना मी काहीतरी सांगेन. सांगेन, पाखरं राखतोय. ते खोटंही नाही."

हेल्मीने कोट घेतला. बाहीत अडकलेली पेंढ्याची काडी काढली. खिशात हात घालून उरलेल्या सगळ्या बिया काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. मग कोट टेबलावर पसरून, बाह्या मागे दुमडून, शाळेतले टॉवेल दुमडायची तशी नीट घडी केली आणि ती कालेवीच्या दोन्ही हातांवर ठेवली. त्याला काही म्हणायचं होतं. तिने घडीवर एकदा तळवा दाबला आणि त्याने तोंड मिटलं.

"अगं, गाडी चरातून काढायचीय अजून," तो माझ्याकडे पाहत म्हणाला, काहीतरी बोलायचं म्हणून.

हेल्मी टेबलाकडे वळली. तिच्या अंगात घरातला तपकिरी लोकरी स्वेटर होता, कोपराला विरलेला, आणि डोकं उघडं. तिने टेबलावरच्या बिया मुठीत भरल्या.

"हेल्मी, हंगाम आहे," कालेवी म्हणाला. "केशरी काहीतरी घाल. कोणीतरी हरीण समजून उडवेल."

मी खुंटीवरचा माझा केशरी रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिने तो पाहिला की नाही, सांगता येत नाही. बर्चवर व्हिस्की जॅक अजून बसलेला होता. हेल्मीने दार उघडलं आणि परसातल्या रिकाम्या खुर्चीकडे चालत गेली.